साध्या संकेतस्थळाची मांडणी किंवा मेनू बिघडला तर दोष कसा शोधावा

स्वयंसेवकांनी उभारलेल्या संकेतस्थळाला बहुधा एकच एक कर्ता नसतो. एकाने सुरुवातीची पाने लिहिलेली असतात, दुसऱ्याने त्यांत फोटो चढवलेले असतात, तिसऱ्याने मेनूचा तयार कोड कुठूनतरी आणून चिकटवलेला असतो, आणि पुढे ज्याच्याकडे काम येते त्याला यांपैकी कोणी काय केले याचा पत्ता नसतो. अशा स्थळाचे एखादे पान अचानक वेडेवाकडे दिसू लागले, किंवा मेनूतील दुवा दाबल्यावर पान सापडत नसल्याचा संदेश आला, की नवख्या माणसाचा हात थेट कोडकडे वळतो. इथली रुंदी कमी करून बघ, तिथला समास वाढवून बघ, एखादी ओळच काढून बघ, असे सुरू होते. अशाने कधीकधी पान ताळ्यावर येतेही, पण ते का बिघडले होते हे कळलेले नसते आणि बऱ्याचदा दुसरेच एखादे पान बिघडलेले असते. मांडणीचा दोष दिसतो एका ठिकाणी आणि असतो दुसऱ्याच ठिकाणी, म्हणून पुढील पायऱ्यांचा रोख दुरुस्तीपेक्षा दोषाची जागा नक्की करण्याकडे आहे. जागा नक्की झाली की दुरुस्ती अनेकदा एका ओळीत भागते.

येथे एचटीएमएल आणि सीएसएस या दोनच गोष्टींवर चालणारे, फार तर थोडी जावास्क्रिप्ट असलेले संकेतस्थळ गृहीत धरले आहे. टॅग म्हणजे काय, क्लास कसा लिहितात आणि फाइल सर्व्हरवर कशी चढवतात एवढे वाचकाला ठाऊक असावे.

हात लावण्यापूर्वी

पहिली पायरी म्हणजे सर्व्हरवरील सगळ्या फाइली आपल्या संगणकावर उतरवून घेणे आणि त्या फोल्डरच्या नावात तारीख घालून तो बाजूला ठेवून देणे. फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणारे 'गिट' वापरता येत असेल तर उत्तमच, पण ते शिकून होईपर्यंत काम थांबवण्याचे कारण नाही. तारखेचा फोल्डरही आणीबाणीच्या वेळी पुरतो. आपल्या संगणकावर आधीपासून असलेली प्रत आणि सर्व्हरवरची प्रत एकसारखीच असेल, असे मात्र धरून चालू नये. एखाद्या सहकाऱ्याने थेट सर्व्हरवर जाऊन केलेली दुरुस्ती आपल्या प्रतीत नसते आणि आपण आपली जुनी फाइल चढवली की ती कायमची पुसली जाते.

दुसरी पायरी याहून क्षुल्लक वाटेल, पण ती वगळल्याने बराच वेळ वाया जातो. आपण जी फाइल बदलत आहोत तीच लोकांना दिसत आहे का, हे आधी तपासावे. पानावरच्या एखाद्या शब्दापुढे एक जादा पूर्णविराम द्यावा, फाइल चढवावी आणि पान उघडावे. पूर्णविराम दिसला नाही, तर बाकी सगळी खटपट थांबवून आधी त्याचे कारण शोधावे. फाइल भलत्याच फोल्डरमध्ये चढलेली असते, एकाच नावाच्या दोन फाइली असतात, किंवा ब्राउझरने साठवून ठेवलेली जुनी प्रत आपल्यासमोर येत असते.

बिघाड कोणाला दिसतो

ब्राउझर सीएसएस फाइल आणि चित्रे स्वतःपाशी साठवून ठेवतो, त्यामुळे बदल केल्यावरही काही जणांना जुने रूप आणि काहींना नवे रूप दिसते. सर्वांत विचित्र प्रकार तेव्हा घडतो, जेव्हा पानाची एचटीएमएल नवी येते आणि सीएसएस जुनी राहते; मग पान असे काही विस्कटते की सगळा कोडच चुकला असावा असे वाटते. विंडोज किंवा लिनक्सवर कंट्रोल आणि शिफ्ट धरून आर दाबल्यास बहुतेक ब्राउझर साठवलेली प्रत बाजूला ठेवून पान नव्याने आणतात. मॅकवर क्रोम आणि फायरफॉक्समध्ये कंट्रोलच्या जागी कमांड धरावे. तेवढ्याने खात्री पटली नाही तर खाजगी खिडकीत पान उघडून पाहावे.

हे आपल्यापुरते झाले. येणाऱ्या प्रत्येक वाचकाला कोणती कळ दाबायची ते सांगत बसता येत नाही, म्हणून सीएसएस फाइलच्या पत्त्याला शेवटी प्रश्नचिन्ह लावून पुढे एखादा क्रमांक जोडावा आणि प्रत्येक मोठ्या बदलानंतर तो वाढवावा. फाइल तीच राहते, परंतु ब्राउझरला पत्ता वेगळा दिसतो आणि तो नवी प्रत मागून घेतो.

यानंतर तेच पान निराळ्या ब्राउझरमध्ये, निराळ्या फोनवर आणि शक्य असल्यास निराळ्या इंटरनेट जोडणीवर उघडून पाहावे व काय दिसते ते शब्दांत लिहून ठेवावे. 'पान खराब दिसते' या तक्रारीवरून काहीच करता येत नाही. 'फोन उभा धरल्यावर उजवीकडे पांढरा पट्टा येतो, आडवा धरल्यावर येत नाही' या एका वाक्यात मात्र रुंदीचा प्रश्न आहे हे अर्धेअधिक ठरून जाते.

तपासणीचे साधन

प्रत्येक मोठ्या ब्राउझरमध्ये पानाची अंतर्गत रचना दाखवणारे साधन असते. क्रोम, एज आणि फायरफॉक्समध्ये एफ१२ दाबल्यावर ते उघडते. पानावरील कोणत्याही भागावर उजवी कळ दाबून 'इन्स्पेक्ट' निवडले तरी चालते. सफारीमध्ये ते आधी सेटिंग्जमधून सुरू करून घ्यावे लागते. या साधनात केलेले बदल फक्त आपल्या पडद्यावर होतात आणि पान पुन्हा उघडले की नाहीसे होतात, म्हणून नवख्याने प्रयोग करायचे ते येथेच करावेत, सर्व्हरवरच्या फाइलीत नव्हे.

त्यातल्या तीन जागा ओळखीच्या झाल्या तरी पुष्कळ काम होते. पहिल्या जागी टॅगांची रचना दिसते. एखाद्या टॅगवर माउस नेला की पानावरचा तेवढा चौकोन रंगीत होतो आणि त्याचा आतला व बाहेरचा समास वेगवेगळ्या रंगांत दिसतो. तिच्या शेजारी त्या टॅगला लागू होणारे सीएसएसचे नियम असतात. दुसरी जागा कन्सोल, जेथे जावास्क्रिप्टच्या चुका लाल अक्षरांत येतात. तिसरी नेटवर्क, जेथे पानाने मागवलेली प्रत्येक फाइल आणि सर्व्हरने दिलेला उत्तराचा क्रमांक दिसतो. २०० म्हणजे फाइल मिळाली, ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही. सगळे पान एकदमच उघडेबोडके, निव्वळ काळ्या मजकुराचे आणि निळ्या दुव्यांचे दिसू लागले असेल, तर आधी येथेच यावे. सीएसएस फाइलीसमोर ४०४ असेल तर पत्ता चुकला आहे. पान 'एचटीटीपीएस'वर आणि सीएसएसचा पत्ता मात्र साध्या 'एचटीटीपी'चा, असे असेल तर ब्राउझर ती फाइल सुरक्षेच्या कारणावरून अडवतो आणि कन्सोलमध्ये तशी नोंद करतो. संकेतस्थळाला सुरक्षा प्रमाणपत्र बसवल्यानंतर लगेच मांडणी उडाली, तर बऱ्याचदा हेच कारण निघते.

उघडलेले टॅग बंद झाले आहेत का

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. वाचनालयाच्या संकेतस्थळावर डावीकडे मजकूर आहे, उजवीकडे सूचनांचा अरुंद स्तंभ आहे आणि सर्वांत खाली पूर्ण रुंदीची तळपट्टी आहे. कोणीतरी सूचनांच्या स्तंभात नवी सूचना घालतो आणि दुसऱ्या दिवशी तळपट्टी त्या स्तंभाच्या आत, चिंचोळी होऊन बसलेली दिसते. नवखा माणूस तळपट्टीच्या सीएसएसमध्ये रुंदी शोधू लागतो, पण तेथे काहीच बिघडलेले नसते. नव्या सूचनेसाठी उघडलेला 'डिव्ह' बंद करायचा राहून गेलेला असतो; त्यामुळे स्तंभाचा बंद करणारा टॅग त्या सूचनेला लागू पडतो आणि स्तंभ स्वतः उघडाच राहतो. त्याच्यानंतर येणारे सगळे काही मग ब्राउझरच्या दृष्टीने त्या स्तंभाच्याच पोटात जाते.

ब्राउझर अशा चुकीबद्दल तक्रार करत नाही. तो आपल्या परीने अंदाज बांधून पान दाखवतो, आणि हा उदारपणाच नवख्याची दिशाभूल करतो. म्हणून पानाचा एखादा भाग भलत्याच भागात शिरलेला दिसला, तर त्या भागाच्या वर, शेवटचा बदल जेथे झाला तेथून खाली वाचत यावे. तपासणीच्या साधनात तळपट्टीचा टॅग कोणाच्या आत आहे हे पाहिले की दोन मिनिटांत निर्णय होतो.

वेबची मानके ठरवणाऱ्या 'डब्ल्यूथ्रीसी' या संस्थेचा तपासनीस यासाठी मोफत उपलब्ध आहे. त्याला पानाचा पत्ता द्यावा किंवा कोड चिकटवावा; तो ओळ क्रमांकासह चुका दाखवतो. यादी लांबलचक आली तरी घाबरू नये. फक्त पहिली चूक दुरुस्त करावी आणि पुन्हा तपासणी करावी, कारण बंद न झालेल्या एका अवतरणचिन्हातून पुढच्या वीसपंचवीस चुका जन्म घेतात. फाइलीच्या पहिल्या ओळीत 'डॉकटाइप'ची, म्हणजे हे पान एचटीएमएलच्या मानकाप्रमाणे आहे असे सांगणारी, घोषणा आहे का हेही त्याच वेळी पाहावे. ती नसल्यास ब्राउझर जुन्या काळच्या पानांसाठी राखलेल्या पद्धतीने मोजमापे करतो आणि बरोबर लिहिलेले नियमही वेगळे परिणाम दाखवतात.

फोनवर पान आडवे सरकते

स्वयंसेवी संकेतस्थळांबद्दलची सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार ही असावी. संगणकावर पान नीट दिसते, फोनवर मात्र अक्षरे मुंगीएवढी दिसतात किंवा पान बोटाने डावी-उजवीकडे सरकवत वाचावे लागते. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

अक्षरे मुंगीएवढी दिसत असतील तर पानाच्या 'हेड' भागात 'व्ह्यूपोर्ट'चा मेटा टॅग नाही असे समजावे. तो नसल्यास फोनचा ब्राउझर हे पान संगणकासाठीच केलेले आहे असे मानून ते सुमारे ९८० पिक्सेल रुंदीचे धरतो आणि आक्रसून लहान पडद्यावर बसवतो. टॅगमध्ये रुंदी उपकरणाच्या रुंदीएवढी आणि सुरुवातीचे प्रमाण १ असे सांगितले की हा प्रश्न मिटतो. हा टॅग प्रत्येक पानात असावा लागतो; मुखपृष्ठावर असून आतल्या पानांत नसणे हे वारंवार आढळते. काही तयार कोडांत याच टॅगमध्ये वाचकाला पान मोठे करण्याची मनाई केलेली असते. ती काढून टाकावी, कारण अधू नजरेच्या वाचकाला तोच एक आधार असतो.

पान आडवे सरकत असेल तर पानावरची कोणती तरी एक वस्तू पडद्यापेक्षा रुंद आहे. ती शोधण्यासाठी संगणकावरच ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करत न्यावी आणि खालची आडवी पट्टी कोणत्या रुंदीला उगवते ते पाहावे. मग तपासणीच्या साधनात एकेक मोठा भाग निवडून डिलीट दाबावे. ज्या भागासोबत आडवी पट्टी नाहीशी होते त्या भागात दोषी आहे. पान पुन्हा उघडावे आणि त्याच भागाच्या आतले तुकडे असेच एकेक काढत जावे. ही पद्धत ओबडधोबड आहे खरी, पण ती अंदाजापेक्षा लवकर मुक्कामी पोहोचवते.

सापडणारे दोषी ठरलेले आहेत. पहिला म्हणजे कॅमेऱ्यातून जसाच्या तसा चढवलेला, हजारो पिक्सेल रुंदीचा फोटो. सगळ्या चित्रांना जास्तीत जास्त रुंदी १०० टक्के आणि उंची 'ऑटो' असा एकच नियम लावला की तो आवरतो. फोटो चढवण्याआधीच लहान करणे अर्थातच अधिक शहाणपणाचे, कारण सीएसएसने चित्र लहान दिसते, फाइल लहान होत नाही. दुसरा म्हणजे कोणीतरी पिक्सेलमध्ये ठरवून दिलेली रुंदी. तेथे 'विड्थ'ऐवजी 'मॅक्स-विड्थ' लिहावे. तिसरा जरा फसवा आहे. चौकोनाची रुंदी १०० टक्के आणि आतला समास दोन्ही बाजूंना २० पिक्सेल असे लिहिले, तर मूळ हिशेबाप्रमाणे समास रुंदीत धरला जात नाही आणि चौकोन आपल्या जागेपेक्षा ४० पिक्सेलनी रुंद होतो. सीएसएसच्या आरंभी सर्व घटकांना 'बॉक्स-सायझिंग' या गुणधर्माची 'बॉर्डर-बॉक्स' ही किंमत दिली की समास आणि किनार रुंदीतच मोजली जाते. नव्या संकेतस्थळात हा नियम पहिल्या दिवशीच घालावा. जुन्या स्थळात तो घातल्यावर मात्र सगळी पाने एकदा डोळ्यांखालून घालावीत, कारण कोणीतरी पूर्वी हाच दोष आकडे कमी-जास्त करून झाकलेला असू शकतो.

चौथा दोषी तक्ता. सात वारांचे वेळापत्रक सात स्तंभांत मांडले की ते फोनच्या पडद्यावर मावणार नाही, आणि कोणत्याही युक्तीने ते मावावे असा हट्टही धरू नये. तक्त्याभोवती एक 'डिव्ह' घालून त्याला आडव्या दिशेने 'ओव्हरफ्लो ऑटो' द्यावे, म्हणजे फक्त तक्ता सरकेल आणि पान स्थिर राहील. स्तंभ आणि ओळी यांची अदलाबदल करून वार खाली खाली लिहिता आले तर ते आणखी चांगले. पाचवा दोषी म्हणजे मध्ये कोठेही जागा नसलेला लांबलचक पत्ता. त्याला 'ओव्हरफ्लो-रॅप'ने तुटण्याची परवानगी द्यावी. मांडणी फ्लेक्सबॉक्सची (घटकांना एका रांगेत लवचीकपणे बसवणाऱ्या सीएसएस पद्धतीची) असेल आणि आतला स्तंभ काही केल्या आकुंचन पावत नसेल, तर त्या स्तंभाची किमान रुंदी शून्य करून पाहावी; फ्लेक्समधील घटक आपल्या आशयाहून लहान व्हायला मुळात तयार नसतो.

एक उपाय मात्र करू नये, आणि नेमका तोच सगळीकडे सुचवला जातो. संपूर्ण 'बॉडी'ला आडव्या दिशेने 'ओव्हरफ्लो हिडन' दिले की आडवी पट्टी जाते, पण रुंद झालेली वस्तू तशीच राहते आणि तिचा उजवा भाग कापला जातो. वाचकाला अर्धे वेळापत्रक दिसते आणि उरलेले अर्धे आहे हे कळतही नाही. आतल्या एखाद्या वेष्टनाला, म्हणजे इतर भागांना वेढणाऱ्या टॅगला, हेच दिले असेल तर वर चिकटून राहणारा मेनूही चिकटणे सोडतो, आणि मग त्या दुसऱ्या बिघाडाचा शोध सुरू होतो.

नियम लिहिला, पण लागू होत नाही

तपासणीच्या साधनात आपला नियम खोडलेला दिसत असेल तर दुसरा कोणता तरी नियम त्याच्यावर मात करतो आहे. आयडीचा नियम क्लासच्या नियमापेक्षा आणि क्लासचा नियम नुसत्या टॅगच्या नियमापेक्षा वजनदार असतो. वजन सारखे असेल तर फाइलीत नंतर येणारा जिंकतो. आपला नियम यादीत दिसतच नसेल तर क्लासच्या नावात फरक असावा किंवा त्याच्या वरच्या नियमाचा महिरपी कंस बंद झालेला नसावा. नियमाला सक्तीने जिंकवणारे 'इम्पॉर्टंट' लावून वेळ मारून नेण्याचा मोह टाळावा, कारण पुढच्या माणसाला त्यावर मात करण्यासाठी आणखी एक 'इम्पॉर्टंट' लावावे लागते.

जुन्या पानांत स्तंभ 'फ्लोट'ने मांडलेले असतात आणि त्यामुळे खालचा मजकूर वर चढतो किंवा वेष्टनाचा रंग नाहीसा होतो. वेष्टनाला 'डिस्प्ले'ची 'फ्लो-रूट' ही किंमत दिल्यास ते आतल्या तरंगत्या स्तंभांना कवेत घेते. सगळी मांडणी ग्रिडमध्ये, म्हणजे ओळी-स्तंभांच्या जाळीवर पान बसवणाऱ्या सीएसएस पद्धतीत, नव्याने लिहावी असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रमुख ब्राउझरांत ग्रिड २०१७ पासून आहे, त्यामुळे त्यात जोखीमही नाही. परंतु ते वेगळे काम आहे आणि ते दुरुस्तीच्या भरात करू नये.

देवनागरी मजकुराचे वेगळे प्रश्न

मराठी मजकुराच्या जागी अनाकलनीय लॅटिन चिन्हांची माळ दिसत असेल तर पानाची अक्षरसंहिता चुकीची धरली गेली आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते, आणि ब्राउझरने प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजून वाचला की एकाच्या जागी तीन तीन चिन्हे उमटतात. फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करावी आणि तसे सांगणारा मेटा टॅग 'हेड'च्या अगदी आरंभी ठेवावा. मानकाप्रमाणे तो फाइलीच्या पहिल्या १०२४ बाइटांत असला पाहिजे. यूनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलेला जुना मजकूर मात्र या उपायाने सुधारत नाही. तो परिवर्तकातून यूनिकोडमध्ये आणावा लागतो आणि नंतर डोळ्यांनी तपासावा लागतो.

इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या तयार रचनांत ओळींमधील अंतर कमी असते. त्यामुळे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींना भिडतात, आणि बटणाला ठरावीक उंची दिलेली असेल तर मात्रा कापल्या जातात. ओळीची उंची १.६ ते १.८ च्या आसपास ठेवावी आणि बटणांना उंची देण्याऐवजी वर-खाली आतला समास द्यावा. शीर्षकाच्या अक्षरांमध्ये अंतर सोडण्याचा नियमही अशा रचनांतून येतो आणि त्याने शिरोरेखा तुटू शकते, म्हणून मराठीपुरते ते अंतर शून्य करावे.

दुवे तुटण्याची कारणे

मांडणीतील दोष निदान डोळ्यांना दिसतो. तुटलेला दुवा कोणी दाबेपर्यंत कळत नाही. माझ्या संगणकावर चालते आणि सर्व्हरवर चालत नाही, अशी तक्रार आली की सर्वप्रथम फाइलींची नावे पाहावीत. विंडोजमध्ये लॅटिन लिपीतील मोठी आणि लहान अक्षरे फाइलीच्या नावात एकच मानली जातात, मॅकमध्येही सहसा तसेच असते, परंतु बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तेथे ती वेगळी मानली जातात. कॅमेऱ्याने फोटोच्या नावाची शेवटची 'जेपीजी' ही अक्षरे मोठ्या लिपीत दिली आणि आपण दुव्यात ती लहान लिहिली, एवढ्यानेच चित्र गायब होते. सगळ्या फाइलींची नावे लहान लॅटिन अक्षरांत ठेवावीत आणि शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता आडवी रेघ द्यावी. देवनागरी नावेही चालतात, पण तो पत्ता कोणाला पाठवताना टक्केवारीच्या चिन्हांची लांबच लांब साखळी बनू शकतो, म्हणून ती टाळलेली बरी.

दुसरे कारण म्हणजे आपल्याच संगणकावरचा पत्ता. चित्राचा मार्ग सी ड्राइव्हच्या नावाने सुरू होत असेल तर ते चित्र फार तर आपल्या संगणकावरची प्रत उघडल्यावर दिसेल, आणि म्हणूनच तीच प्रत पाहत राहिल्यास आपल्याला हा दोष कधी सापडणार नाही. हे सर्व्हरवरचे पान, शक्यतो दुसऱ्याच्या फोनवर, उघडल्यावरच उघडकीला येते.

तिसरे कारण सापेक्ष पत्त्यांचे. दुव्यात नुसते फाइलीचे नाव लिहिले असेल तर ब्राउझर ती फाइल सध्याच्या पानाच्याच फोल्डरमध्ये शोधतो. मुखपृष्ठावरचा मेनू उचलून 'उपक्रम' या फोल्डरमधील पानात चिकटवला की 'संपर्क'चा दुवा आता 'उपक्रम'च्या आत संपर्काचे पान शोधू लागतो आणि ४०४ येते. एक पायरी वर जाण्यासाठी नावाआधी दोन टिंबे आणि तिरकी रेघ द्यावी लागते, दोन पायऱ्यांसाठी तीच जोडी दोनदा. मुख्यपृष्ठावरून सगळे दुवे चालतात पण आतल्या पानांवरून अडतात, असे वर्णन कोणी केले तर हेच कारण असते. पत्ता तिरक्या रेघेने सुरू केला तर तो स्थळाच्या मुळापासून मोजला जातो आणि मेनू कोणत्याही फोल्डरमध्ये सारखाच चालतो. मात्र स्थळ एखाद्या मोफत सेवेवर मुख्य पत्त्याच्या पोटातील फोल्डरमध्ये ठेवलेले असेल, तर ती रेघ आपल्या स्थळाच्या मुळाशी न नेता त्या सेवेच्या मुळाशी नेते. अशा वेळी त्या फोल्डरचे नावही पत्त्यात घालावे लागते.

पानातल्या पानात उडी मारणारे दुवे आणखी एका प्रकारे फसवतात. दुवा दाबल्यावर पान योग्य जागी जाते, पण ज्या शीर्षकाकडे जायचे ते वर चिकटलेल्या मेनूखाली झाकले जाते आणि वाचकाला वाटते की दुवा चुकीचा आहे. 'एचटीएमएल' या मूळ टॅगला मेनूच्या उंचीएवढे 'स्क्रोल-पॅडिंग-टॉप' द्यावे. उडी भलत्याच जागी जात असेल तर एकच आयडी पानात दोनदा आला आहे का ते शोधावे. ब्राउझर पहिला आयडी धरतो.

मेनू दिसतो, पण वापरता येत नाही

माउस वर नेल्यावर उघडणारा उपमेनू फोनवर भरवशाचा राहत नाही, कारण बोटाला 'वर नेणे' ही क्रियाच नसते. मुख्य शब्द स्वतःच दुवा असेल तर उपमेनू क्षणभर चमकून पान बदलते. लहान संकेतस्थळाला उपमेनू लागतोच असे नाही. पाचसहा शब्दांचा सरळ मेनू, जो अरुंद पडद्यावर दोन ओळींत मोडेल, तो कोणत्याही जावास्क्रिप्टशिवाय चालतो आणि बिघडायला त्यात काही नसते. तीन रेघांचे बटण ठेवायचेच असेल आणि ते दाबल्यावर काहीच होत नसेल, तर कन्सोल पाहावे. पानात त्याआधी घडलेली जावास्क्रिप्टची दुसरीच एखादी चूक पुढचा कोड थांबवते आणि बळी मेनूचा जातो. बटण दाबल्यावर मेनू उघडतो पण चित्राच्या मागे लपतो, असे झाल्यास कोणता घटक कोणाच्या वर दिसावा हे ठरवणारा 'झेड-इंडेक्स' वाढवण्याआधी मेनूला 'पोझिशन' दिलेली आहे का हे पाहावे, कारण एरवी साध्या मांडणीत तो आकडा कितीही वाढवला तरी निष्फळ ठरतो.

माउस बाजूला ठेवून टॅब कळीने मेनू फिरून पाहावा. आपण कोणत्या दुव्यावर आहोत हे दिसत नसेल तर कोणीतरी 'आउटलाइन'चा नियम काढून टाकला आहे. तो परत आणावा. डब्ल्यूथ्रीसीच्या सुगमतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातील उठावाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, आणि २०२३ च्या आवृत्तीत दाबायच्या जागेचा किमान आकार, काही अपवाद वगळता, २४ बाय २४ पिक्सेल सांगितला आहे. फिकट राखाडी अक्षरांचे मेनू पहिल्याच कसोटीत नापास होतात.

मेनूतील नावे वाचकाच्या भाषेत आहेत का, याची परीक्षा कोणत्याही साधनाने होत नाही. संस्थेशी संबंध नसलेल्या एखाद्याच्या हातात फोन द्यावा, 'सभासद व्हायला काय करावे लागते ते शोधा' एवढेच सांगावे आणि गप्प बसून पाहावे. तो जेथे अडखळतो तेथे बोलण्याचा मोह आवरला, तर 'इतर' आणि 'माहिती' या नावांखाली काय काय दडपले गेले आहे ते लगेच समजते.

पाने हलवताना आणि काम सोपवताना

प्रत्येक पानात मेनूची स्वतंत्र प्रत चिकटवलेली असेल तर एक नवे पान वाढवल्यावर सगळ्या फाइली बदलाव्या लागतात आणि एखादी हमखास सुटते. पाने दहाबाराच्या पुढे गेली की मेनू एकाच फाइलीत ठेवून तो प्रत्येक पानात ओढून घेण्याची सोय करावी. सर्व्हरवर पीएचपी ही पाने जुळवून देणारी भाषा असेल तर हे एका ओळीचे काम आहे, नसेल तर 'ह्यूगो' किंवा 'जेकिल' यांसारखे पाने तयार करून देणारे साधन वापरता येते. तोवर सगळ्या फाइलींत एकदम शोधून बदल करणारा संपादक वापरावा.

स्थळाच्या मूळ फोल्डरमध्ये एक साधी मजकूर-फाइल ठेवून तीत कोणती सीएसएस फाइल प्रत्यक्ष वापरात आहे, मेनू कोठे बदलायचा, कोणता तयार कोड कशासाठी आणला आणि शेवटचा बदल कोणी, केव्हा, का केला हे लिहावे. पासवर्ड मात्र तीत लिहू नयेत. ही फाइल सर्व्हरवर गेली तर ती कोणालाही वाचता येते.

पानाचे नाव किंवा जागा बदलली तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमस्वरूपी वळण द्यावे. त्याचा उत्तर-क्रमांक ३०१ असतो. लोकांनी जपून ठेवलेले आणि छापील पत्रकांवर गेलेले पत्ते आपल्याला बदलता येत नाहीत. ज्यांना वळण देता येत नाही त्यांच्यासाठी ४०४ चे स्वतःचे पान बनवावे, त्यात मेनू आणि मुखपृष्ठाचा दुवा ठेवावा. हे पान कोणत्याही खोलीच्या चुकीच्या पत्त्यावर दाखवले जात असल्यामुळे त्यातले सापेक्ष पत्ते हमखास मोडतात. म्हणून त्यातील सीएसएस, चित्रे आणि दुवे यांचे पत्ते स्थळाच्या मुळापासून पूर्ण लिहावेत आणि मुद्दाम दोनतीन फोल्डर खोल असलेला खोटा पत्ता टाकून ते पान नीट उघडते का ते पाहावे.